सोनखत आणि वीटभट्टीची जमीन

सोनखत हा शब्द मराठीत जुना आहे, पण आमच्या घरात त्याला बंदी आहे. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मीच म्हणतो, त्यांनी हा शब्द दस्तरख्वानवर काढायचा नाही अशी ताकीदच दिली आहे. शब्द मात्र सुंदर आहे. माणसाच्या मैल्यापासून झालेल्या खताला ज्याने पहिल्यांदा सोने म्हटले तो शेतकरीच असणार. गेली तीन वर्षे शाळेच्या मागच्या जमिनीच्या निमित्ताने हा विषय आमची पाठ सोडत नाही. त्यात काय घडले, काय वाचायला मिळाले आणि कोणाकोणाचे काय ऐकावे लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आमची शाळा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. उर्दू माध्यमाची. आम्ही तिथे उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेमागे दीड एकर जमीन आहे. संस्थेला ती स्वस्तात मिळाली, कारण तिच्यावर कितीतरी वर्षे वीटभट्टी होती. वीट पाडायला वरचीच माती लागते, बारीक आणि चिकण, म्हणजे शेताला जी लागते तीच. भट्टीवाला दोन-तीन फूट माती काढून नेतो. खाली उरतो मुरूम, फुटक्या विटा आणि राख. असा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि भट्टी तो काही उन्हाळ्यांत भाजून विकते. आमच्याच घराच्या भिंतींत कुणाच्या तरी शेताची माती आहे, हे लक्षात आले की भट्टीवाल्यावर रागावताही येत नाही.

या जमिनीवर आम्ही चार पावसाळे झाडे लावली. रोपवाटिकेतून रोपे आणायची, मुलांनी खड्डे करायचे, पाहुण्यांच्या हस्ते फोटो काढायचा. एका वर्षी ६० रोपे लावली, पुढच्या जूनला ४ शिल्लक होती. खड्डे तेच, रोपे नवी. झाड लावण्याच्या सवाबाची हदीस या मासिकाच्या वाचकांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. पण रोप जगलेच नाही तर पाखरू बसणार कशावर?

शेणखत घालावे म्हटले तर गावात गुरे राहिली नाहीत आणि ट्रॉलीचा भाव ऐकून संस्थेचे सचिव गप्प झाले. तेव्हा नगरपालिकेत नोकरीला असलेले एक पालक म्हणाले, "आपा, आमच्या एसटीपीवर वाळलेल्या गाळाचे ढीग पडून आहेत. कुणी नेत नाही. सांगा, ट्रॅक्टर पाठवतो."

गाळ म्हटले की लोकांना तलावातला गाळ आठवतो. हा गाळ वेगळा. गावातल्या मोऱ्या-संडासांचे पाणी जिथे स्वच्छ केले जाते, त्या केंद्राच्या तळाशी जो साचतो तो. आम्ही ते केंद्र जाऊन पाहिले. सांडपाण्यात शंभरातले ९९ भागांहून जास्त नुसते पाणीच असते. आधी ते संथ ठेवतात, जड असेल ते खाली बसते. मग त्यात हवा फुंकतात, म्हणजे जिवाणू वाढतात, घाण खातात, मरतात आणि तेही तळाशी बसतात. त्यामुळे गाळाचा मोठा भाग म्हणजे घाण खाऊन संपलेले जिवाणूच. मोठ्या शहरांत हा गाळ बंद टाकीत हवेशिवाय कुजवतात, गोबरगॅससारखा गॅस निघतो. छोट्या गावांत तो वाळूच्या वाफ्यांवर पसरून उन्हात वाळवतात. वाळला की काळसर ढेकळे होतात. वास असतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. जुन्या ओल्या गोणपाटाला येतो तसा.

या ढेकळांत नत्र असते, स्फुरद असते. पालाश फार कमी, कारण तो पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच निघून जातो. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे सेंद्रिय भाग. रासायनिक खताची गोणी मुरमात ओतली तर पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जाते, कारण धरून ठेवायला तिथे काही नसते. सेंद्रिय भाग पाणी धरतो, नत्र हळूहळू सोडतो, गांडुळांना आणि जिवाणूंना घर देतो. मुरमाची माती व्हायला लागते ती त्याच्यामुळे.

आमचा मोठा मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याने पुस्तके आणि अहवाल आणून दिले आणि आम्हाला कळले की यात नवे काही नाही. ब्रिटिश सरकारने पाठवलेले डॉ. व्हॉल्कर नावाचे शेती-रसायनतज्ज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात शहरांच्या मैल्याच्या खताचा विचार आहे. त्या काळात पुण्याच्या आसपासचे ऊसवाले राख मिसळून वाळवलेला मैला पैसे मोजून नेत. साहेबलोक त्याला पुद्रेत म्हणत, शेतकऱ्यांचा शब्द सोनखत. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३९ साली बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहराचा कचरा व मैला थराथराने खड्ड्यात कुजवण्याची रीत काढली. मग युरियाच्या गोण्या आल्या, फ्लश आले. मैला पाण्यात गेला, आणि ज्या गटारात तो गेला त्याच गटारात कारखान्यांचे, गॅरेजांचे, दवाखान्यांचे पाणीही सोडले जाऊ लागले. सोनखताचा विश्वास तिथेच गेला, असे आमचे मत आहे.

झाडांपुरते बोलायचे तर सर्वांत जुना आणि शिस्तीचा प्रयोग अमेरिकेतला आहे. वॉशिंग्टन राज्यात सिअॅटलच्या दक्षिणेला तिथल्या विद्यापीठाचे पॅक फॉरेस्ट नावाचे जंगल आहे. त्या भागातली पुष्कळशी जमीन म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेली खडी, आमच्या मुरमाची बहीणच. १९७३ पासून तिथे शहराचा प्रक्रिया केलेला गाळ डग्लस फर नावाच्या सूचिपर्णी झाडांना घालून पाहिला गेला. वाढत्या वयाची झाडे जोमाने फोफावली, खोडे जाड झाली. पण जिथे गाळ पसरून त्यात नुकतीच रोपे लावली होती तिथे वेगळेच झाले. तण इतके माजले की रोपे त्यात बुडाली. त्या तणात उंदरांच्या जातीचे प्राणी लपले आणि त्यांनी रोपांच्या साली कुरतडल्या. उरलेल्या रोपांवर हरणे तुटून पडली, कारण नत्र जास्त असलेला पाला त्यांना जास्त गोड लागला. हा भाग आम्ही हसत वाचला. आमच्याकडे हरणे नाहीत याचा आनंदही झाला. मोहल्ल्यातल्या बकऱ्यांचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात आला नव्हता.

दुसरे उदाहरण पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पामर्टन गावचे. तिथे १८९८ पासून १९८० पर्यंत जस्त गाळण्याच्या भट्ट्या चालल्या. त्यांच्या धुराने शेजारच्या ब्लू माउंटन या डोंगराचा २,००० एकरांहून जास्त भाग पार उघडाबोडका झाला. इतका की पडलेली झाडे कुजेनात, कारण कुजवणारे जिवाणूही मेले होते. १९९१ पासून त्या उतारांवर सांडपाण्याचा गाळ, औष्णिक वीजकेंद्राची राख, चुना आणि गवताचे बी एकत्र करून फवारले गेले आणि डोंगर हिरवा होऊ लागला. त्याच डोंगरावर नंतर काम करणाऱ्यांनी मात्र झाडांपेक्षा गवत पसंत केले. काही झाडे मुळांनी जस्त आणि कॅडमियम वर ओढतात, ते पानांत उतरते आणि पाने पुन्हा जमिनीवर पडतात. म्हणजे जमीन कशाने बिघडली आहे ते आधी पाहायला हवे. आमची जमीन विषाने बिघडलेली नव्हती, नुसती सोललेली होती.

विष गाळातूनच आले तर? ही भीती खोटी नाही. अमेरिकेत १९९१ साली या क्षेत्रातल्या मंडळींनी गाळाचे नाव बदलून बायोसॉलिड्स ठेवले. नाव बदलले की वास कमी होतो, अशी त्यांची समजूत असावी. पण १९९३ साली तिथल्या सरकारने नियमही केले. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशा धातूंच्या मर्यादा ठरल्या आणि रोगजंतू किती मारले यावरून गाळाचे दोन वर्ग झाले. तेवढ्याने पुरे झाले नाही. न चिकटणाऱ्या तव्यांच्या थरात, पाणी न शिरणाऱ्या कपड्यांत, आग विझवण्याच्या फेसात जी पीएफएएस नावाची रसायने वापरतात, ती कुजत नाहीत, जळायलाही अवघड. ती गाळातून शेतात, शेतातून गाईच्या दुधात आणि विहिरीत गेल्याचे मेन राज्यात आढळले आणि २०२२ साली त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावर सरसकट बंदी घातली. तेव्हा गाळ म्हणजे अमृत असे सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही, आणि तो नदीत सोडून हात धुणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

आमच्या गावात मोठा कारखाना नाही, पण बॅटऱ्या दुरुस्त करणारी दुकाने आहेत. म्हणून आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आपल्या देशात शहरी कंपोस्टसाठी जे मापदंड आहेत, किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेच आम्ही हाताशी धरले. अहवालात जस्त मर्यादेच्या जवळ निघाले, बाकीचे धातू बरेच खाली. पीएफएएस तपासण्याची सोय नव्हती. म्हणून ठरवले की या जमिनीवर खाण्याचे काहीही लावायचे नाही, बोअरच्या बाजूचा पट्टा मोकळा सोडायचा आणि विद्यार्थ्यांनी गाळाला हात लावायचा नाही. जंतांची अंडी वाळलेल्या गाळातही महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अहमदाबादेत २०१९ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने रोज १०० टन वाळलेल्या गाळावर गॅमा किरण सोडून जंतू मारण्याचे केंद्र चालते. त्या किरणांनी गाळ किरणोत्सारी होत नाही, पण धातूही जात नाहीत. आमच्या गावाकडे असले काही नाही. आमच्याकडे ऊन आहे आणि थांबण्याची तयारी होती.

शाळा समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो पाकी-नापाकीचा. एक बुजुर्ग सदस्य म्हणाले, "मुले मधल्या सुटीत मागच्या मैदानात जोहर पढतात. उद्या तिथे गू पसरणार का?" बैठकीत शांतता पसरली. उत्तर आमच्या शाळेत दीनियात शिकवणाऱ्या मौलानांनी दिले. फरगान्याकडचे बुरहानुद्दीन मर्गिनानी, ज्यांचे निधन ११९७ साली झाले, त्यांच्या अल-हिदाया या हनफी फिकहच्या ग्रंथात हा प्रश्न खरेदी-विक्रीच्या प्रकरणात आला आहे. तिथे शेण विकायला हरकत नाही. निव्वळ मैला विकणे मक्रूह, पण मातीत मिसळून मातीचा जोर झाला की त्याची विक्रीही चालते आणि वापरही. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा प्रश्न विचारला होता, त्याशिवाय उत्तर लिहिले गेले नसते, असे मौलाना म्हणाले आणि हसले. एखादी वस्तू पूर्ण बदलून दुसरीच झाली की तिचा हुकूमही बदलतो, दारूचा सिरका होतो तसा, हेही त्यांनी समजावले. हनफी उलेमा ही गोष्ट पुष्कळ दूरपर्यंत नेतात, शाफई तितकी नेत नाहीत. आमच्यासोबत बी.एड. केलेली एक मैत्रीण रत्नागिरीकडे असते, कोकणातली म्हणून शाफई. तिला फोनवर विचारले. ती म्हणाली, "आमच्याकडे जळून राख झाली तरी नजासत ती नजासतच. पण जमिनीला घालायला मनाई नाही, नापसंत आहे इतकेच. आणि त्यातून उगवलेले पीक पाकच." तिचे सासरे आंब्याला काय काय घालत ते तिने पुढे सांगितले, ते लिहीत नाही. यंदाच्या हापूसवर परिणाम व्हायचा.

पाण्याच्या बाबतीत तर सौदी अरबस्तानातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७८ सालीच सांगितले आहे की सांडपाणी इतके शुद्ध केले की रंग, वास, चव यांत नजासतीची खूण उरत नाही, तर ते पाक आहे, वजूलाही चालते. पिण्याचे मात्र तब्येतीच्या कारणाने टाळावे. इजिप्तमध्ये इस्माइलिया शहराजवळ सेराबियम इथे वाळवंटात सुमारे २०० हेक्टर जंगल शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर उभे आहे. तिथेही खाण्याचे काही लावत नाहीत, लाकडाचीच झाडे. मौलानांनी व्यवहारी तोडगा काढला. नमाजची जागा वेगळी आखली, तिला विटांची ओळ घातली, तिथे गाळ जाणार नाही. अम्मींना हे सगळे घरी सांगितले. त्या म्हणाल्या, "मसला ठीक आहे. तरी पण आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचे नाही." यात वाद घालण्यासारखे काही नव्हते.

खरा विरोध बैठकीत आलाच नाही. तो दोन दिवसांनी शाळा सुटताना आला. नववीतल्या एका मुलाचे वडील दारात उभे होते. नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "आपा, माझ्या अब्बांनी डोक्यावरून पाटी वाहिली. ती ठिबकायची. मी गटारात उतरतो. मुलाला शाळेत घातले ते त्याच्या हाती पुन्हा तेच यावे म्हणून नाही."

आम्ही सांगितले की मुले गाळाला हात लावणार नाहीत, तसे लिहून ठरले आहे. त्यावर ते म्हणाले, "मग कोण लावणार? ट्रॅक्टरमागे फावडे घेऊन कोण येणार? आमच्यातलाच ना कुणीतरी."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मेहतर या शब्दाचा फारसीत अर्थ मोठा, सरदार असा आहे. हलालखोर म्हणजे हक्काची कमाई खाणारा. हे नाव बादशहा अकबराने दिले असे आईन-ए-अकबरीत नमूद आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात तर हलालखोर कर नावाचा करच होता. नावे इतकी थोर, आणि वागणूक? मशिदीत एका सफेत उभे राहतो हे खरे. पण सोयरीक जुळवताना घराणे विचारणारे आमच्यातच आहेत, आणि त्या घरी चहा न पिणारेही. डोक्यावरून मैला वाहायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी गटारात गुदमरून माणसे अजून मरतात. त्यात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे शीख आणि बौद्धांना मिळाला. तेच काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या मुसलमान मेहतराला नाही. सोनखताचे गोडवे गाणाऱ्या त्या जुन्या अहवालांत उसाचे उत्पन्न येते, खताचा भाव येतो. पाटी कोणाच्या डोक्यावर होती हे शोधावे लागते.

ते गृहस्थ मात्र नुसते नाही म्हणायला आले नव्हते. त्यांच्या अटी होत्या. कामाला जे येतील त्यांना रोजगार सरकारी दराने, त्याच दिवशी, हातात. गमबूट, हातमोजे आणि तोंडाला फडके संस्थेने द्यायचे आणि काम झाल्यावर परत मागायचे नाहीत. आणि तिसरी अट, "संस्थेचे लोकही फावडे धरतील." या अटीवर समितीत चर्चा पहिल्या दोन अटींपेक्षा दुप्पट झाली. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले की आम्ही येतो, आणि मग इतरांना नाही म्हणता येईना. ठरल्या रविवारी तीन सदस्यांचे गुडघे दुखले. बाकीचे आले. मौलाना आले, विज्ञानाचे सर आले, आम्ही आलो.

कोणता गाळ घ्यायचा हे त्या वडिलांनीच ठरवले. शेवटच्या दोन वाफ्यांचा नको, तो ताजा आहे आणि त्यात प्लॅस्टिक आणि सॅनिटरी पॅडचे तुकडे फार आहेत. कुंपणाजवळचा जुना ढीग घ्या, त्याने दोन उन्हाळे खाल्ले आहेत. अभियंत्यांच्या कागदांत हे कुठेही नव्हते. दोन फुटी खड्डे, एक भाग गाळ, दोन भाग मुरूम आणि तलावातली माती, असे मिश्रण उन्हाळ्यात भरून ठेवले. विज्ञानाच्या सरांनी हट्टाने दोन ओळी गाळाविना ठेवायला लावल्या. जून संपता संपता करंज, कडुनिंब, शिरीष आणि काशीद लावले. तोवर गाळ मुरमाखाली गेला होता, रोपेही मोठ्यांनीच लावली. मुलांनी वरून पाणी घातले.

पंधरा दिवसांत जमीन हिरवी झाली आणि आम्हाला वाटले, रोपांनी कमाल केली. जवळ जाऊन पाहिले तर टोमॅटो! सगळीकडे टोमॅटोची रोपे. टोमॅटोचे बी पोटातून जाते, गटारातून जाते, एसटीपीतून जाते आणि तरी मरत नाही. मुले आनंदली, एका मुलाने सालन करू या असेही सुचवले. आम्ही हातमोजे घालून ती सगळी उपटली. त्यांच्या मागून तरोटा आणि गाजरगवत आले, अगदी पॅक फॉरेस्टमध्ये झाले तसे, आणि दर पंधरा दिवसांनी खुरपणीला माणसे लावावी लागली. दुसऱ्या वर्षी बकरी ईदच्या तोंडावर मोहल्ल्यातल्या पाळीव बकऱ्या कुंपणातून शिरल्या. त्यांनी करंजाला तोंड लावले नाही, कडुनिंब आणि शिरीष मात्र शेंड्यापर्यंत साफ केले. बाजूच्या गाळाविना लावलेल्या ओळींकडे त्या ढुंकूनही गेल्या नाहीत. विज्ञानाच्या सरांना याच गोष्टीचे समाधान.

आज तिसरे वर्ष चालू आहे. दहातली सात झाडे उभी आहेत. करंज डोक्यावर गेले आहेत, खाली पाल्याचा थर साचतो आहे आणि तो उकरला की गांडुळे दिसतात. या जमिनीवर ती पूर्वी आम्ही कधी पाहिली नव्हती. गाळाविना असलेल्या ओळींतली जी काही रोपे जगली ती गुडघ्याएवढी आहेत.

एक गोष्ट मात्र घरोघरी सांगण्यासारखी आहे. आमच्याकडचे काम पाहून एका व्यापाऱ्याने गाळ उचलायला सुरुवात केली. तो पिशव्यांत भरून सेंद्रिय खत म्हणून विकतो. पिशवीवर ना तपासणीचा अहवाल, ना कशापासून बनले याचा उल्लेख. आमच्या शेजारणीने असली पिशवी गच्चीवरच्या मेथी-कोथिंबिरीसाठी आणली होती. अशा खताने फुलझाडे वाढवा, कुंपणाची झाडे वाढवा, पण पालेभाजी आणि कांदा-मुळा यांना ते घालू नका, आणि दुकानदाराला अहवाल विचारा. आपल्या मोरीतून काय जाते तेही पाहा. रंगाचे उरलेले थिनर, बॅटरीचे पाणी, मुदत संपलेली औषधे, सगळे शेवटी त्याच वाफ्यावर जाऊन वाळते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. ती संडासात टाकली की एक दिवस कुणाला तरी हाताने काढावी लागतात, आणि तो कोण असतो ते वर आलेच आहे.

कब्रस्तान कमिटीचे लोक मागच्या महिन्यात आले होते. नव्या जागेत सावली नाही, जनाजाच्या नमाजला लोक उन्हात उभे राहतात, तुमच्यासारखे तिथे काही होईल का, असे विचारत होते. मौलानांनी कब्रींच्या जागेत गाळ नको म्हणून स्पष्ट सांगितले. रस्त्याकडेच्या कुंपणालगत घालता येईल का, यावर अजून बोलणे चालू आहे. आमच्या जमिनीचा उत्तरेकडचा अर्धा एकर अजून उघडा आहे. यंदा जस्त किती निघते ते पाहायला नमुना पुन्हा पाठवला आहे, अहवाल आल्यावर किती ट्रॉली मागवायच्या ते ठरेल. कोणत्या ढिगातून घ्यायच्या, हे विचारायला त्या मुलाच्या वडिलांकडे जायचे आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्या घरी चहा झाला होता, मौलानांनी दोन कप घेतले.